तीर्थ, नदी आणि अस्थी : काशी-प्रयाग-गयेपासून नार्वे-हरवळेपर्यंत

घरात मृत्यू झाला की दोन-तीन दिवसांतच एक प्रश्न उभा राहतो : अस्थी कुठे न्यायच्या? कोणी काशी सुचवतो, कोणी नाशिक, कोणी गोकर्ण, तर कोणी साखळीजवळचे हरवळे. परदेशातला मुलगा वेळेत पोहोचेल का, वृद्ध पत्नीला लांबचा प्रवास झेपेल का, जवळच्या नदीत विसर्जन केले तर मृतात्म्याच्या बाबतीत काही उणे राहील का, अशा शंका त्यामागोमाग येतात. दुःखाच्या दिवसांत या शंकांची उत्तरे शांतपणे शोधणे कठीण असते. म्हणून तीर्थ, नदी आणि अंत्यसंस्कार यांची परंपरा काय सांगते, मराठी माणसाचे तिच्याशी नाते कसे जुळले आणि गोमंतकात तिचे रूप कोणते, याची ही एकत्रित माहिती.

तीर्थ म्हणजे उतार

‘तीर्थ’ हा शब्द ‘तॄ’ म्हणजे तरून जाणे, पार होणे या धातूपासून आला आहे. नदी जिथे ओलांडता येते ती जागा, म्हणजे उतार, हा त्याचा मूळ अर्थ. पुढे इहलोकातून परलोकात, पापातून पुण्यात किंवा संसारातून मोक्षाकडे जाण्याचा उतार असा त्याचा विस्तार झाला. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात नद्यांची स्तुती करणारे स्वतंत्र सूक्त आहे. त्याच मंडलात यम, पितर आणि अंत्येष्टी यांच्याशी संबंधित सूक्तेही आहेत. नदी आणि मृत्यू यांचा विचार परंपरेत पहिल्यापासून शेजारी शेजारी चालत आला आहे.

महाभारताच्या वनपर्वातील तीर्थयात्रापर्वात तीर्थाचे माहात्म्य सांगताना एक महत्त्वाचा युक्तिवाद येतो. यज्ञाला पुष्कळ सामग्री, द्रव्य आणि माणसे लागतात. तो राजांना आणि धनिकांना जमतो. दरिद्री माणसालाही करता येईल असे पुण्यकर्म म्हणजे तीर्थयात्रा, आणि तिचे फळ यज्ञापेक्षाही अधिक. तीर्थाची कल्पना मुळात ज्याच्यापाशी साधने नाहीत त्याच्यासाठी मांडली गेली, हे इथे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पुढच्या काळात यात्रा कितीही खर्चिक झाली, तरी तिचा पाया हा आहे.

जन्मापासून जुळलेले नाते

नदीचा संबंध केवळ मरणाशी आहे असे मात्र नाही. रोजच्या स्नानाच्या वेळी गंगा, यमुना, गोदावरी, सरस्वती, नर्मदा, सिंधू आणि कावेरी या सात नद्यांना घरातल्या पाण्यात येण्याचे आवाहन करण्याची रीत आजही कित्येक घरांत आहे. सोडमुंजीत बटू काशीयात्रेला निघतो आणि मामा आपली मुलगी देण्याचे आश्वासन देऊन त्याला वाटेतून परत आणतो. संसार की संन्यास हा प्रश्नच त्या छोट्या खेळकर विधीत काशीच्या रूपाने उभा केलेला असतो. सुवासिनी नदीची खणानारळाने ओटी भरतात. कार्तिकात नदीत दिवे सोडले जातात. साखळीच्या विठ्ठलापूर येथे वाळवंटी नदीवर होणारा त्रिपुरारी पौर्णिमेचा नौकांचा उत्सव हे गोव्यातले त्याचे ठळक उदाहरण.

यात्रेहून परतल्यावरही नदी घरी येते. काशीहून आणलेल्या गंगेच्या बंद गडूची पूजा करून इष्टमित्रांना जेवू घालण्याला मराठीत ‘मावंदे’ हा खास शब्द आहे. मावंदे झाल्याखेरीज यात्रा पुरी झाली असे मानले जात नसे. देव्हाऱ्यात जपून ठेवलेल्या याच गडूतले पाणी घरातल्या कोणाच्या तरी अखेरच्या क्षणी तुळशीपत्रासह मुखात घातले जाई. एका यात्रेचे पाणी असे एका पिढीच्या अखेरीपर्यंत पुरत असे.

मृत्यूनंतरचे तेरा दिवस

अंत्यसंस्कारांच्या रीती जातीपरत्वे, कुळाचारापरत्वे आणि प्रदेशापरत्वे बदलतात. काही समाजांत दहनाऐवजी दफन होते. संन्याशाला समाधी दिली जाते. मात्र दहन करणाऱ्या बहुतेक मराठी घरांतील क्रम साधारण सारखा असतो.

दहनाच्या वेळी मृताच्या नावाने एक लहान दगड घेतला जातो. हा ‘अश्मा’, बोलीत ‘जीवखडा’. खांद्यावरच्या मडक्याला छिद्र पाडण्यासाठी तो वापरतात आणि पुढे दहा दिवस त्यालाच मृताचे प्रतीक मानून त्यावर तिलांजली देतात. अस्थिसंचयन म्हणजे चितेच्या राखेतून अस्थी गोळा करण्याचा विधी पुष्कळदा तिसऱ्या दिवशी किंवा सोयीनुसार दहनाच्या दुसऱ्याच दिवशी होतो. पहिल्या दिवसापासून दहाव्यापर्यंतच्या पिंडांनी मृतात्म्याला नवे सूक्ष्म शरीर मिळते, पहिल्या पिंडाने मस्तक घडते आणि दहाव्याने ते शरीर पूर्ण होते, अशी गरुडपुराणातील कल्पना आहे. आता हे सर्व पिंड बहुधा दहाव्या दिवशीच नदीकाठी एकत्र दिले जातात.

दहाव्याच्या पिंडाला कावळा शिवतो की नाही, याकडे सगळ्यांचे डोळे लागलेले असतात. कावळा थांबला तर मृताची काही इच्छा उरली आहे असे समजून नातलग हात जोडून आश्वासने देतात : मुलीचे लग्न करू, धाकट्याचे शिक्षण पुरे करू, म्हातारीला सांभाळू. चारचौघांच्या साक्षीने दिलेले हे शब्द पुढे पाळावे लागतात, आणि काकस्पर्शाचे सामाजिक मोल बहुधा याच गोष्टीत आहे. कावळा आलाच नाही, तर दर्भाचा कावळा करून त्याचा स्पर्श घडवण्याची सोय आहे. मग जीवखडा पाण्यात सोडतात. अकराव्या-बाराव्याचे विधी होतात. त्यांतील सपिंडीकरणात मृताचा पिंड त्याच्या आधीच्या तीन पिढ्यांच्या पिंडांत मिसळला जातो आणि तो ‘प्रेत’ न राहता ‘पितर’ होतो. हा विधी पूर्वी वर्षाअखेर करीत. आज तो सर्रास बाराव्या दिवशी उरकतो. तेराव्याला घराचे सुतक संपून नेहमीचे आयुष्य पुन्हा सुरू होण्याची खूण म्हणून गोडाचे जेवण होते.

अस्थी गंगेतच का?

सगराच्या साठ हजार पुत्रांची राख गंगेच्या स्पर्शाने पावन व्हावी म्हणून भगीरथाने ती स्वर्गातून आणली, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. गंगा पृथ्वीवर आली तीच मुळी मृतांच्या राखेसाठी, असा या कथेचा अर्थ होतो. मनुष्याच्या अस्थी जितकी वर्षे गंगेच्या पाण्यात राहतात तितकी सहस्र वर्षे त्याला स्वर्गवास लाभतो, अशी पुराणवचने आहेत. शक्यतो दहा दिवसांच्या आत विसर्जन करावे, असाही संकेत आहे. मात्र अस्थी सुरक्षित ठेवून पुढे यात्रेच्या वेळी नेण्याची चालही तितकीच जुनी आहे. रेल्वे येण्यापूर्वी दक्षिणेतून काशीला पोहोचायला महिने लागत, तेव्हा दुसरा मार्गच नव्हता.

त्रिस्थळी : प्रयाग, काशी, गया

उत्तरेतील तीन क्षेत्रांची मिळून ‘त्रिस्थळी यात्रा’ होते. स्थूलमानाने प्रयागला मुंडन, काशीला गंगास्नान व विश्वेश्वराचे दर्शन आणि गयेला पिंडदान अशी या तीन स्थळांची वाटणी आहे.

प्रयागला गंगा, यमुना आणि गुप्त मानलेली सरस्वती यांचा संगम. अस्थिविसर्जन नावेतून संगमाच्या प्रवाहात करतात. इथला ‘वेणीदान’ हा विधी विशेषतः महाराष्ट्रातील आणि दक्षिणेतील दांपत्ये करतात : पतीच्या संमतीने सुवासिनी आपल्या वेणीचे टोक कापून संगमाला अर्पण करते. मुंडनाऐवजी केलेले हे प्रतीकात्मक दान होय.

काशीत गंगा उत्तरवाहिनी होते. अस्सी, दशाश्वमेध, मणिकर्णिका, पंचगंगा आणि वरणासंगमावरील आदिकेशव ही तिथली पंचतीर्थी. काशीत मरणाऱ्याच्या कानात स्वतः शिव तारकमंत्र सांगतात, अशी श्रद्धा असल्यामुळे अखेरचे दिवस काढण्यासाठी लोक शतकानुशतके या नगरीत येत राहिले. मणिकर्णिका आणि हरिश्चंद्र या घाटांवर दहन अहोरात्र चालू असते. इतर गावांत स्मशान वेशीबाहेर असते. काशीत ते नगराच्या ऐन मध्यावर, स्नानाच्या पायऱ्यांना लागून आहे.

गयेला फल्गू नदी. वर्षातील बराच काळ तिचे पात्र वाळूचे असते आणि पाणी वाळूखालून वाहते, म्हणून ती ‘अंतःसलिला’. सीतेने इथे वाळूचा पिंड दिला आणि खोटी साक्ष देणाऱ्या फल्गूला शाप दिला, अशी कथा आहे. विष्णुपद मंदिर, फल्गूचा काठ आणि अक्षयवट ही पिंडदानाची मुख्य स्थाने. अक्षयवटाखाली गयावळ ब्राह्मणाने ‘सुफल’ म्हटले की गयाश्राद्ध पूर्ण होते. भाद्रपदातील पितृपक्षात इथे मोठी यात्रा भरते. गयेचे एक वैशिष्ट्य असे की, पिंड केवळ आपल्या कुळातील पितरांनाच नव्हे, तर मित्र, सेवक, निपुत्रिक, अपघातात गेलेले, ज्यांचे नावही ठाऊक नाही असे अनाथ मृत, या सर्वांनाही दिले जातात. मागे कोणी नसलेला माणूस हयातीतच स्वतःचा पिंड देऊन ठेवू शकतो. एखादे आवडते फळ किंवा भाजी कायमची सोडण्याची यात्रेकरूंची रीतही अनेक मराठी घरांत ऐकायला मिळते. आजी अमुक फळ का खात नाही, याचे उत्तर तिने कधीकाळी केलेल्या गयाश्राद्धात सापडते.

मातेच्या श्राद्धासाठी गुजरातेतील सिद्धपूर प्रसिद्ध आहे. कपिलमुनी आणि त्यांची माता देवहूती यांच्या कथेशी जोडलेल्या तिथल्या बिंदुसरोवरावर ‘मातृगया’ केली जाते.

पैठणहून काशीला गेलेले शास्त्र

या यात्रेचा प्रमाणग्रंथ मराठी घराण्यातून आला. पैठणच्या भट्ट घराण्यातील रामेश्वर भट्ट काशीला जाऊन स्थायिक झाले. १५१३ मध्ये जन्मलेले त्यांचे पुत्र नारायण भट्ट यांनी ‘त्रिस्थलीसेतु’ या ग्रंथात तीर्थांचे सामान्य नियम आणि तिन्ही क्षेत्रांचे विधी एकत्र केले. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात झालेल्या विश्वेश्वर मंदिराच्या पुनर्बांधणीशीही त्यांचे नाव जोडले जाते. त्यांचे नातू कमलाकर भट्ट यांचा ‘निर्णयसिंधु’ १६१२ चा. शिवछत्रपतींचा १६७४ मध्ये राज्याभिषेक करणारे गागाभट्ट हे नारायण भट्टांचे पणतू. पुढे पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९० च्या सुमारास ‘धर्मसिंधु’ रचला. महाराष्ट्रात आणि गोव्यात दशक्रिया-श्राद्धाचे निर्णय आजही बहुतांशी या शेवटच्या दोन ग्रंथांवरून घेतले जातात. आधुनिक काळात या साऱ्या वाङ्मयाची चिकित्सा भारतरत्न महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी केली. त्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा १९५३ मध्ये निघालेला चौथा खंड अंत्येष्टी, आशौच, श्राद्ध आणि तीर्थयात्रा यांचाही सविस्तर विचार करतो.

पेशवाईत यात्रेला राजकीय बळ मिळाले. पहिल्या बाजीरावाच्या मातोश्री राधाबाई १७३५ मध्ये उत्तरेच्या यात्रेला निघाल्या, तेव्हा वाटेतील सत्ताधीशांनी त्यांचा सन्मान राखला. अहिल्याबाई होळकरांनी काशीत विश्वेश्वराचे मंदिर १७८० मध्ये, तर गयेचे विष्णुपद मंदिर त्याच दशकात उभारले. काशीच्या घाटांवर होळकर, शिंदे, भोसले ही नावे आजही वाचायला मिळतात. ज्ञानवापीचा स्तंभमंडप १८२८ मध्ये बायजाबाई शिंदे यांनी बांधविला. कोकणातील वरसईचे विष्णुभट गोडसे हे दक्षिणेच्या आशेने १८५७ मध्ये उत्तरेत निघाले आणि थेट बंडाच्या धामधुमीत सापडले. लुटले गेले, तरी परतताना त्यांनी गंगेची कावड खांद्यावरून घरी आणली आणि त्या पाण्याने आईवडिलांना स्नान घातले. ‘माझा प्रवास’ हे त्यांचे पुस्तक १८५७ च्या इतिहासासाठी वाचले जाते, पण मुळात ती एका यात्रेची हकिकत आहे.

गोदावरी, कृष्णा आणि गोकर्ण

दक्षिणेत गोदावरीला गंगेचा मान. त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीवर उगम पावलेली ही नदी गौतम ऋषींच्या तपाने अवतरली, म्हणून ती गौतमी. नाशिकच्या रामकुंडातील अस्थिविलय तीर्थात अस्थी विरघळतात, अशी श्रद्धा असल्यामुळे महाराष्ट्रातून आणि बाहेरूनही तिथे अस्थी नेल्या जातात. नारायण नागबळी आणि त्रिपिंडी श्राद्धासाठी त्र्यंबकेश्वर प्रसिद्ध आहे. गुरू सिंह राशीत आला की बारा वर्षांनी नाशिक-त्र्यंबकला सिंहस्थ भरतो. तो कन्या राशीत गेला की कृष्णेचा ‘कन्यागत’ पर्वकाळ येतो आणि नृसिंहवाडीसारख्या कृष्णाकाठच्या क्षेत्रांत स्नानाची गर्दी होते. मागील कन्यागत २०१६ चा.

नाशिक-त्र्यंबकच्या क्षेत्रोपाध्यांकडील नामावळीच्या चोपड्या हा वेगळाच ठेवा आहे. यात्रेकरूने आपले नाव, गाव, वाडवडील आणि भावंडे लिहून सही करायची, आणि पुढच्या पिढीने येऊन त्याखाली आपली नोंद जोडायची. ज्या घरांत दोन पिढ्यांपलीकडचे नाव कुणाला आठवत नाही, त्यांना आपल्या खापरपणजोबांचे हस्ताक्षर तिथे सापडू शकते. गोमंतकीयांच्या दृष्टीने दक्षिणेकडील सोयीचे क्षेत्र म्हणजे उत्तर कन्नड जिल्ह्यातील गोकर्ण. महाबळेश्वराचे आत्मलिंग, कोटितीर्थ आणि समुद्रकाठ यांमुळे पितृकार्यासाठी तिथे जाण्याची परंपरा गोव्यात दृढ आहे.

गोमंतकातील तीर्थे

गोव्याच्या नद्या लहान. पण त्यांना मोठी नावे देण्यात पूर्वजांनी कसूर केली नाही. मांडवीला गोमती म्हटले, जुवारीला अघनाशिनी, म्हणजे पापांचा नाश करणारी. थेट समुद्राला मिळणाऱ्या नद्या धर्मशास्त्राने विशेष पवित्र मानल्या आहेत, आणि या दोन्ही नद्या तशाच आहेत. भरती-ओहोटीचे पाणी त्यांच्यात आतपर्यंत खेळते. त्यात सोडलेल्या अस्थी सागराला जाऊन मिळतात.

डिचोली तालुक्यातील नार्वे येथे पंचगंगा तीर्थ आहे. गोकुळाष्टमीला तिथे स्नानासाठी भाविक जमतात. काशीच्या पंचगंगा घाटाचे नाव इथे यावे, हा योगायोग नव्हे. ते दूरचे तीर्थ घराजवळ आणण्याचे साधन आहे. गोव्याच्या कदंब राजांचे कुलदैवत सप्तकोटेश्वर मुळात समोरच्या दिवाडी बेटावर होते. मंदिर प्रथम बहमनी काळात पडले, चौदाव्या शतकाच्या अखेरीस विजयनगरचे माधवमंत्री यांनी पुन्हा उभारले आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या हातून पुन्हा गेले. देव पाणी ओलांडून नार्व्याला आला आणि १६६८ मध्ये शिवछत्रपतींच्या आज्ञेने तिथल्या मंदिराचा जीर्णोद्धार झाला. साष्टी, तिसवाडी आणि बारदेशातील अनेक देव त्या शतकात असेच नदीपार अंत्रुजासारख्या प्रदेशात नेले गेले. तीर्थाचा मूळ अर्थ ‘उतार’ असल्याचे वर आले आहे. गोमंतकात तो उतार भक्तांच्या आधी देवांनी ओलांडला.

नारायण भट्टांनी ‘त्रिस्थलीसेतु’त काशीविषयी दिलेला एक निर्णय या संदर्भात आठवावा असा आहे. दुष्ट काळामुळे किंवा राजसत्तेच्या जुलमामुळे मूळ लिंग जागेवर नसले, तरी त्या स्थानाला प्रदक्षिणा आणि नमस्कार करावा. स्थानाचे पावित्र्य लिंगाबरोबर नाहीसे होत नाही. हे लिहिले गेले त्याच शतकात गोव्यात देव हलवले जात होते. देवळे गेली तरी स्नानाच्या जागा लोकांनी सोडल्या नाहीत, याचे शास्त्रीय समर्थन या निर्णयात मिळते.

अस्थिविसर्जन आणि दिवसकार्यांसाठी गोव्यातील सर्वपरिचित ठिकाण म्हणजे साखळीजवळील हरवळे. धबधब्याचे पाणी, शेजारी रुद्रेश्वराचे मंदिर आणि जवळच कातळात कोरलेल्या, लिंगे असलेल्या प्राचीन गुंफा असा तो परिसर आहे. जांबावली येथे कुशावतीच्या पात्रातील स्नानालाही श्री दामोदराच्या भक्तांमध्ये महत्त्व आहे.

न जाणाऱ्यासाठीची सोय

ज्याला दूरच्या तीर्थाला जाणे शक्य नाही त्याच्यासाठी शास्त्रात किती सोयी आहेत, हे सहसा सांगितले जात नाही. दुसऱ्यासाठी तीर्थाला जाणाऱ्यास यात्रेच्या फळाचा सोळावा भाग मिळतो, दुसऱ्या कामानिमित्त गेलेल्यास अर्धे फळ मिळते, असे हिशेब स्मृतिवचनांत आहेत. माता, पिता, बंधू, मित्र किंवा गुरू यांच्या नावाने दर्भाची प्रतिमा करून ती तीर्थात बुडवली, तर त्या व्यक्तीला आठवा भाग मिळतो. हे अपूर्णांक गमतीचे वाटतील. पण त्यांमागील भूमिका स्पष्ट आहे. अंथरुणाला खिळलेल्या आईलाही तीर्थातून वगळायचे नाही.

तीर्थातील श्राद्धाचे नियमही सुटसुटीत आहेत. तिथे पितरांना आवाहन करावे लागत नाही, कारण ते तीर्थात आधीच उपस्थित असतात असे मानले आहे. मुलगा नसल्यास क्रियेचा अधिकार कोणाला, याच्या निबंधग्रंथांतील याद्यांत पत्नी आणि कन्या यांची नावे आहेत. आज मुली अग्नी देतात, पिंड देतात, तेव्हा त्या परंपरेबाहेरचे काही करीत नसतात. मनाच्या तीर्थांचीही गणना महाभारतात आहे : सत्य, क्षमा, इंद्रियनिग्रह, दया. गंगेतच जन्मणारे आणि मरणारे जलचर केवळ त्यामुळे स्वर्गाला जात नाहीत, असे पुराणांनीच बजावले आहे. रामेश्वराला न्यायची कावड वाटेत तहानेने तळमळणाऱ्या गाढवाच्या मुखी रिकामी करणाऱ्या एकनाथांची कथा मराठी मनाने शतकानुशतके जपली आहे. नाथही पैठणचेच.

तीर्थ सर्वांचे, की काहींचे?

तीर्थात आणि यात्रेत स्पर्शास्पर्शाचा दोष नाही, असे वचन स्मृतींत आढळते. आचरण मात्र तसे राहिले नाही. गोदाकाठच्या नाशिकात काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू करावा लागला आणि तो कित्येक वर्षे चालला. दरिद्री माणसाचा यज्ञ म्हणून ज्याची थोरवी गायली, त्या तीर्थाच्या काठावर माणसे अडवली गेली, हा या परंपरेच्या इतिहासाचाच भाग आहे. तीर्थमाहात्म्य सांगताना तो गाळता येत नाही.

नदीचे आजचे पाणी

गंगेत काय करू नये, याची यादी पुराणवचनांत आहे : मलमूत्र विसर्जन, चूळ भरणे, कपडे धुणे, अंगाचा मळ काढणे, निर्माल्य टाकणे. पावित्र्य आणि स्वच्छता यांची फारकत पूर्वसुरींना मान्य नव्हती, हे या यादीवरून दिसते. गंगा कृती योजना १९८६ मध्ये वाराणसीतून सुरू झाली, ‘नमामि गंगे’ २०१४ मध्ये. प्रश्न अद्याप संपलेला नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषानुसार स्नानयोग्य पाण्यात जैवरासायनिक प्राणवायूची मागणी लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावी. शहरांचे सांडपाणी हे नदी नासण्याचे मोठे कारण आहे. त्याच्या तुलनेत अस्थी आणि पिंड यांचा भार अल्प. तरीही प्लास्टिकच्या पिशव्या, कृत्रिम कापड, फोटोंच्या चौकटी आणि मृताचे अंथरूण-पांघरूण प्रवाहात सोडणे हा विधीचा भाग कधीच नव्हता.

विसर्जनाच्या वेळी काही साध्या गोष्टी पाळता येतात. सर्व राख नेण्याऐवजी निवडक अस्थी न्याव्यात आणि उरलेली राख झाडाच्या मुळाशी घालावी. अस्थी सुती कापडात किंवा मातीच्या मडक्यात ठेवाव्यात. कापड-मडके काठावर ठेवून केवळ अस्थी पाण्यात सोडाव्यात. दूरच्या प्रवासात मृत्यूचा दाखला आणि दहनाची पावती जवळ बाळगावी. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करणे कायद्याने आवश्यक आहे. तेराव्याच्या धावपळीत हे विसरू नये. क्षेत्राच्या ठिकाणी दक्षिणा आणि विधींची व्याप्ती आधीच ठरवून घ्यावी.

गंगाजल २०१६ पासून टपाल कार्यालयातही मिळू लागले. जुन्या मंडळींना हे विचित्र वाटले असेल. पण खांद्यावरच्या कावडीने जे काम केले तेच आता टपाल करते, एवढाच फरक. नदीकडे जाणे आणि नदीला घराजवळ आणणे या दोन्ही वाटा परंपरेत बरोबरीने चालत आल्या आहेत. सात नद्यांना घंगाळात बोलावणारा मंत्र, मावंद्याचा गडू, नार्व्याची पंचगंगा आणि दर्भाची प्रतिमा या सर्व दुसऱ्या वाटेवरच्या खुणा आहेत.

म्हणून आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर असे देता येते. ज्याला काशीला जाणे शक्य आहे आणि जाण्याची ओढ आहे, त्याने जरूर जावे. मोठा वारसा तिथे त्याची वाट पाहत आहे. ज्याला ते शक्य नाही, त्याने हरवळ्याला, गोकर्णाला किंवा गावच्या समुद्रगामी नदीवर श्रद्धेने तिलांजली दिली, तर मृताचे काही उणे राहते असे मानण्याचे कारण नाही. कर्ज काढून केलेल्या यात्रेपेक्षा दहाव्याला पिंडासमोर हात जोडून दिलेला शब्द पाळणे, हे गेलेल्या माणसाचे मोठे कार्य आहे.